धबधब्यावर मेलं कोण?

लाइतसोपच्या कड्यावरून आजवर एकच जीव खाली गेला होता, आणि तो म्हणजे काँग थेइमोनची शेळी. रिमाइ तिचं नाव. कड्याच्या अगदी टोकावर उगवलेला कोवळा पाला पाहून तिला मोह आवरला नाही, पाय सरकला आणि पाण्याबरोबर तीही गेली. थेइमोननं डोळे पुसले. गावानंही बरीच हळहळ केली, कारण शेळी अंगानं चांगली भरली होती आणि दरीत उतरून तिला वर आणणं कुणाला जमलं नाही.

याखेरीज त्या धबधब्याला सांगण्यासारखा इतिहास नव्हता. गाव त्याला 'सैतजैन' म्हणत आलं होतं, म्हणजे धुणं धुवायची जागा. कड्यावरून खाली कोसळण्याआधी पाणी पसरट दगडांवर जरा रेंगाळतं, तिथं बायका आज्या-पणज्यांपासून कपडे आपटत आल्या होत्या. धबधबा उंच होता, देखणा होता, पण गावाच्या लेखी ती एक मोठी मोरी होती.

आसपासच्या गावांचं तसं नव्हतं. सोहराच्या, म्हणजे चेरापुंजीच्या, त्या पट्ट्यात प्रत्येक धबधब्याला स्वतःची एक मेलेली बाई होती. कुणी नवऱ्याच्या जाचानं उडी मारलेली, कुणी सवतीनं ढकललेली, कुणी प्रियकराची वाट पाहून पाण्यात विरघळलेली. गुवाहाटीहून येणाऱ्या गाड्या तिथं थांबत, लोक फोटो काढत, मक्याची कणसं खात. लाइतसोपच्या वळणावरून मात्र त्या गाड्या भरधाव निघून जात. थेइमोनचं चहाचं टपरीवजा हॉटेल त्या वळणावरच होतं. तिच्याकडं थांबत ते कोळशाच्या ट्रकचे ड्रायव्हर. तेही चहापेक्षा काचा पुसायला.

अशात एका दुपारी शिलाँगहून पर्यटनाचा साहेब आला. तरुण होता, इथलाच, खासी. पण शहरात राहून पावसाची सवय गेलेला. चामड्याचे बूट घालून आला होता आणि दर चार पावलांना त्यांच्याकडं दुःखानं बघत होता. त्याला धबधबा दाखवायला गावचे प्रमुख बाह तिल्लिलांग गेले होते. ते थेइमोनचे सख्खे मामा. मामा चर्चमधलेही वडीलधारे, त्यामुळं खोटं बोलायची वेळ आली की त्यांच्या कपाळाला घाम फुटायचा.

दोघं परत येऊन टपरीत बसले. थेइमोननं पान-सुपारी पुढं केली आणि लाल चहा ओतला.

"धबधबा चांगला आहे," साहेब म्हणाला. "उंची आहे, पाणी आहे. पण मेलं कोण?"

मामांनी त्याच्याकडं पाहिलं. "कधी?"

"कधीही. पूर्वी. एखादी बाई वगैरे? प्रेमातून, रागातून, कशातूनही."

"बाई नाही कुणी," मामा म्हणाले. "एक शेळी गेली. मागच्या पावसाळ्यात."

"शेळी."

"चांगली होती," मामा म्हणाले.

साहेबानं चहाचा कप खाली ठेवला. "बाह, तुम्ही समजून घ्या. दिल्लीहून माणूस विमानाचं तिकीट काढून येणार. फलकावर तो काय वाचणार? धुणं? त्यानं घरीच बघितलेलं असतं की धुणं. फलक, कठडा, गाड्या लावायला जागा, हे सगळं मी देऊ शकतो. पण वर कागद पाठवताना त्यात काहीतरी घडलेलं लागतं. ज्या गावात काहीच घडलं नाही, तिथं माणसं कशाला थांबतील?"

हे शेवटचं वाक्य थेइमोनला लागलं. एवढा वेळ ती अंडी सोलत ऐकत होती. तिनं हातातलं अंडं भांड्यात टाकलं.

"काही घडलं नाही असं कोण म्हणतं?"

मामा म्हणाले, "थेइ, तू चहा बघ."

"चहा झालाय, मामा." तिनं वेताचा मोढा ओढला आणि साहेबासमोर बसली. "एक बाई होती. घरातली धाकटी लेक. म्हणजे रीतीप्रमाणे घरदार, शेत, सगळं तिच्या नावावर. दिसायला बरी होती, फार नाही. तिचा नवरा पलीकडच्या डोंगरातला. गोड गळ्याचा. बोलायला लागला की भात करपला तरी कळायचं नाही. पदरात लेक झाली. एका हिवाळ्यात तो संत्र्यांच्या पाट्या घेऊन मैदानातल्या बाजाराला निघाला. म्हणाला, धुकं पुन्हा उतरायच्या आत येतो. धुकं उतरलं, चढलं, पुन्हा उतरलं. तो काही आला नाही. मग एक मासळीवाला आला. तो म्हणाला, बाई, तुझ्या नवऱ्यानं तिकडं दुसरं घर मांडलंय. तुझा सोन्याचा हार तिच्या गळ्यात आहे."

साहेब पुढं सरकला. त्याला बुटांचा विसर पडला होता. "मग?"

मग काय, हे थेइमोनला ठाऊक नव्हतं. म्हणजे खरं काय झालं ते ठाऊक होतं, पण ते सांगण्यात काही अर्थ नव्हता. तिनं साहेबाच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्याला काय हवंय ते तिला लख्ख दिसलं.

"मग तिनं लेकीला आईपाशी निजवलं, डोक्यावरचं फडकं सोडलं आणि या कड्यावरून उडी मारली."

"नाव?" साहेबानं विचारलं.

टपरीवर पाऊस वाजत राहिला. माणसाचं नाव घ्यावं तर त्या नावाच्या बाया उद्या दारात भांडायला उभ्या.

"रिमाइ," थेइमोन म्हणाली.

मामांनी तोंडातली सुपारी न चावता गिळली.

"नोह-का-रिमाइ!" साहेब उठून उभाच राहिला. म्हणजे रिमाइनं उडी मारली ती जागा. "हे बघा, आता झालं की नाही! किती जुनं आहे हे?"

"माझी आजी सांगायची. तिला तिची आजी."

"म्हणजे पाचशे वर्षं," साहेब म्हणाला, आणि बुटांची पर्वा न करता चिखलातून गाडीकडं पळाला.

गाडी गेल्यावर मामांनी कपाळाचा घाम पुसला. मग म्हणाले, "पोरी, शेळीचं नाव दिलंस?"

"खोटं तर नाही ना बोलले? पडली तीच."

नावाचं जाऊ द्या, बाकीची गोष्ट कुणाची आहे हे मामांना कळत होतं, आणि दुसऱ्या दिवशी ती ऐकलेल्या सबंध गावाला कळलं. गोड गळ्याचा नवरा म्हणजे थेइमोनचाच फ्रांग. लेक बनरी थेइमोनच्या पाठुंगळीला होती तेव्हा तो संत्री घेऊन गेला, तो गेलाच. त्याला आता बारा-पंधरा पावसाळे झाले होते. हार तेवढा कधीच नव्हता. पण लाइतसोपमध्ये माणसाच्या तोंडावर असलं काही बोलायची रीत नाही. लोक टपरीत येत, चहा पीत, "छान सांगितलीस हं" म्हणत आणि जाताना थेइमोनकडं जरा जास्त वेळ बघत.

फलक आला. त्यावर दोन भाषांत रिमाइचं मरण होतं. कठडा आला, गाड्या लावायला सपाट जागा झाली. मग गावचा दरबार, म्हणजे पंचायत, भरला. प्रश्न मोठा होता: रिमाइ कुठल्या कुळाची?

आधी ती कुणालाच नको होती. आपल्या कुळातल्या बाईनं जीव दिला म्हणायचं म्हणजे घराण्याला बट्टा. वरच्या वाडीचे म्हणाले, खालच्या वाडीची असेल, तिकडच्या बाया तापट. खालच्या वाडीचे म्हणाले, आमच्या बाया नवऱ्यासाठी जीव देत नाहीत, नवऱ्याचा घेतील. पण पहिल्याच सुट्टीत गाड्यांची रांग लागली आणि पुढच्या दरबारात वरच्या वाडीला आठवलं की त्यांची एक खापरपणजी फारच हळवी होती. खालच्या वाडीनं तर रिमाइचं घरही शोधून काढलं. तिथं त्यांचा डुकरांचा गोठा होता.

या सगळ्या चर्चेत थेइमोन नव्हती. दरबारात बायका बसत नाहीत. ती दाराबाहेर किटली घेऊन उभी असे आणि आत कप पोचवत असे. त्याच वेळी तिकडं कठड्यापाशी एखादा वाटाड्या पाहुण्यांना सांगत असे, आमच्यात सगळी सत्ता बायकांच्या हाती आहे, आणि पाहुण्या बाया आपापल्या नवऱ्यांना कोपरानं ढोसत असत.

दरबारानं पहिला ठराव केला तो धुण्याविरुद्ध. रिमाइनं शेवटचं पाऊल टाकलं त्या दगडांवर चड्ड्या-बनियनी आपटणं बरं दिसत नाही. बायकांनी धुणं खालच्या ओढ्याला न्यावं. बायका धुसफुसत गेल्या. महिना झाला नाही तोच साहेबाचा निरोप आला, पाहुणे विचारतात की इथं जुनं जीवन दिसत नाही. तेव्हा रोज सकाळी गावातल्या बायकांनी ठेवणीतले जैनसेम नेसून त्या दगडांवर धुणं धुऊन दाखवावं. मग तीन-चारजणी ओढ्यावर स्वच्छ धुतलेले कपडे पिळून वर आणू लागल्या, आणि दगडांवर हळूच, रंग जाणार नाही अशा बेतानं, आपटू लागल्या. मामांनी तिकडं बघणंच सोडून दिलं.

पावसाळ्यात आणखी गंमत झाली. धबधबा भरला, पण दिसेना. सबंध दरीत धुकं. पाहुणे छत्र्या धरून कठड्याला टेकत आणि पांढऱ्या शून्याकडं बघत. नुसता आवाज. परत जायच्या वाटेवर थेइमोनची टपरी लागे. तिथं ते पाय आपटत, ओले मोजे काढत आणि म्हणत, निदान गोष्ट तरी ऐकू. धबधब्याचं सगळं ओझं अशा रीतीनं थेइमोनवर आलं.

ती सांगू लागली. सांगता सांगता गोष्ट अंगानं भरत गेली. रिमाइ देखणी झाली. सासू आली, कारण मैदानातल्या पाहुण्यांना सासू नसलेली गोष्ट पटेना. इथं नवराच बायकोच्या घरी राहायला येतो, सासूचा जाच कुठून असणार? पण त्यांनी फार आग्रह धरला. वाटेवर एक वाकडा काळा दगड होता. थेइमोननं त्याचा नवरा केला. शेवटी बेइमान नवरा दगड होऊन पडला तो हाच, असं ती म्हणे. मग पाहुणे जाता जाता त्याच्यावर थुंकत. पानाच्या पिचकाऱ्यांनी दगड लाल झाला. त्याच्याकडं पाहून थेइमोनला मनापासून बरं वाटे, आणि त्यात कसलंच खोटं नव्हतं.

एक दिवस नागपूरच्या काही बाया आल्या. कानटोप्या घातलेल्या, डब्यातला चिवडा तिलाच खायला घालणाऱ्या. गोष्ट संपल्यावर सगळ्यांनी डोळे टिपले. एक मात्र टिपेना. निवृत्त शाळामास्तरीण असावी.

"एक सांगा हो," ती हिंदीत म्हणाली, "घर तिच्या नावावर, शेत तिच्या नावावर, पोरगी आईपाशी. तिचं गेलं काय?"

"नवरा गेला ना," दुसरी म्हणाली.

"तो गेला हे कळलं मला. पण मग हिनं उडी का मारली?"

थेइमोनची हिंदी ट्रक ड्रायव्हरांकडून शिकलेली. शिव्यांना पुरेशी होती, या प्रश्नाला पुरेना. "दुःख झालं," ती म्हणाली.

"दुःख होतंच हो," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पण एवढं?" आणि त्या गाडीकडं गेल्या.

ते दोन शब्द थेइमोनच्या डोक्यातून जाईनात. रात्री भात वाढताना, पहाटे चूल पेटवताना ती स्वतःशीच म्हणे, एवढं? आणि मग तिला त्या मास्तरणीचा राग येई, आणि मग रिमाइचा.

फ्रांग आला तो अशाच धुक्यात. गुवाहाटीची एक पिवळी गाडी थांबली, चौघं पाहुणे उतरले, आणि त्यांच्यामागून ड्रायव्हर उतरला. केस विरळ झालेले, पोट सुटलेलं. पण चालताना डावा खांदा पुढं टाकायची सवय तीच. थेइमोननं ओळखलं. तिच्या हातून काही सांडलं नाही की निसटलं नाही. तिनं पाहुण्यांना बसवलं आणि नेहमीप्रमाणे गोष्ट सुरू केली. फ्रांग मागं खांबाला टेकून उभा राहिला. संत्र्यांच्या पाट्या आल्या तेव्हा त्याच्या भुवया वर गेल्या. मासळीवाला आला तेव्हा तो सरळ उभा राहिला. हार आला तेव्हा त्याच्यानं राहवेना.

"हार कुठला?" तो खासीत म्हणाला.

"ड्रायव्हर काय म्हणतोय?" एका पाहुण्यानं विचारलं.

"साखर मागतोय," थेइमोन म्हणाली, आणि रिमाइला नेहमीपेक्षा जरा जोरात कड्यावरून ढकललं.

पाहुणे धुकं बघायला गेल्यावर तो पुढं आला.

"थेइ, मी हार नेला होता?"

"रेडिओ नेलास."

"रेडिओ माझा होता!"

"सेल माझे होते."

त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली घेतला. "तो दगड कोण?"

"बघितलास?"

"बघितलास म्हणजे? माझेच पाहुणे त्याच्यावर थुंकले! मला म्हणाले, तूही थुंक, ड्रायव्हर. मी थुंकलो, थेइ. मला काय माहीत कुणावर!"

थेइमोनला हसू आलं, ते तिनं फडक्यात दाबलं. इतकी वर्षं या भेटीसाठी तिनं मनात एकाहून एक जहरी वाक्यं तयार ठेवली होती. त्यातलं एकही आठवेना.

"तिकडची कुठाय?" तिनं विचारलं.

"तिनं काढलं घरातून."

"शहाणी दिसते."

तेवढ्यात सोहराच्या शाळेतून बनरी आली. बांबूचं क्नुप, म्हणजे इरलं, पाठीवरून उतरवून तिनं झटकलं आणि या अनोळखी माणसाकडं पाहिलं. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि पहिल्यांदाच त्याचा गोड गळा बसला. "चहा नको," एवढं म्हणून तो गाडीत जाऊन बसला. पण बनरी लाइतसोपमध्ये वाढलेली पोरगी, संध्याकाळपर्यंत तिला कुणी ना कुणी सांगितलंच.

फ्रांग गप्प बसणारा नव्हता. पुढच्या फेरीला तो पाहुण्यांना कठड्यापाशी सोडून थेट मामांच्या घरी गेला. आपली बदनामी होते आहे, ती थांबवा, असं त्याचं म्हणणं. मामांनी त्याला पान दिलं आणि अडचण समजावली.

"हे बघ, फ्रांग. तो नवरा तू आहेस असं म्हणालास, तर गोष्ट पंधरा वर्षांची ठरते. फलकावर पाचशे आहेत."

"मग मी काय करू?"

"पाचशे वर्षांचा नसशील तर तुझी तक्रार नाही. असशील तर दरबारात मांडू."

यावर फ्रांगनं विचार केला आणि म्हणाला, मी नव्हे, पण एक पुरुष म्हणून मला वाईट वाटतं. हे मात्र दरबारात मांडता येण्यासारखं होतं.

दरबार भरला तेव्हा तिथं बसलेला प्रत्येक पुरुष कुठल्या ना कुठल्या बायकोच्या घरात राहत होता. फ्रांग बोलला आणि सगळ्यांना कंठ फुटला. एकजण म्हणाला, नवऱ्याची बाजू कुणी विचारलीच नाही. दुसरा म्हणाला, आपल्याला घरात मिळतं काय, टोपी अडकवायला एक खुंटी. आणि वर दगडही आपणच व्हायचं? तिसरा आजवर दरबारात कधी बोलला नव्हता. त्यानं उठून विचारलं, तो वाटेत अडकला नसेल कशावरून? पाऊस असेल, नदीला पूर असेल!

"पाय मोडला असेल," कुणीतरी म्हणालं.

"नक्कीच मोडला असणार," फ्रांग म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

बघता बघता ठराव झाला. नवरा प्रामाणिक होता. पुरात त्याचा पाय मोडला. मासळीवाला खोटारडा होता, कारण तो परका होता. नवरा सरपटत सरपटत परत आला, पण बाईला जरा धीर नव्हता, तिनं नेमकी तेव्हाच उडी मारली. तो दुःखानं दगड झाला. पाहुण्यांनी थुंकू नये, फुलं वाहावीत. साहेबाला कळवलं, तर तो खूश. म्हणाला, दोघंही मेले तर जास्तच चांगलं, जोडपी येतात.

थेइमोन दाराबाहेर किटली धरून हे सगळं ऐकत होती. पाऊस क्नुपवरून तिच्या पायावर गळत होता. ठराव झाला तसा तिनं किटली उंबऱ्यावर ठेवली. आत पाऊल टाकायचं नव्हतं, म्हणून दारातूनच बोलली.

"मामा, ती गोष्ट माझी आहे."

मामा म्हणाले, "पोरी, तुझी होती. आता गावाची आहे. फलक लागलाय."

"तिला धीर नव्हता म्हणता? तो गेल्यावर त्याच्या आईला भात कोण पोचवत होतं, विचारा. सहा पावसाळे पोचवला."

"कुणाच्या आईला? रिमाइच्या नवऱ्याच्या?" तो कधी न बोलणारा म्हणाला.

सगळे फ्रांगकडं बघायचं टाळत होते. फ्रांग जमिनीकडं बघत होता. त्याला हे ठाऊक नव्हतं.

"मग तुम्हीच सांगा गोष्ट," थेइमोन म्हणाली. "मी आजपासून चहा विकते."

तिनं किटली उचलली आणि निघून गेली. त्या दिवशी दरबाराला चहा मिळाला नाही. हे सभेच्या इतिवृत्तात निषेध म्हणून नोंदवावं की कसं, यावर आणखी थोडा वेळ चर्चा झाली.

सांगायला कुणीतरी हवं होतं. मामांना खोटं बोलता येत नव्हतं, वाटाडे पाठ केल्यासारखं बोलत. शेवटी फ्रांगलाच बसवलं. त्यानं गाडी मालकाला परत केली आणि गाड्या लावायच्या जागेमागं एक खोली धरली. थेइमोनच्या घराकडं तो एकदा आला होता, पण पायरीवरूनच तिनं त्याला विचारलं, "काय हवंय?" तो परत गेला. कठड्यापाशी मात्र त्याचा गळा खुलला. पूर आला की त्याचा आवाज घोगरा होई, पाय मोडला की तो खरंच लंगडत दगडापर्यंत जाई. त्याला खरं रडू येई. पाहुण्यांमधल्या बाया आपल्या नवऱ्यांचे हात धरत. दगडावर फुलं साचली.

नवरा असा जगाच्या डोळ्यांदेखत सुधारत चालला होता आणि थेइमोन अंडी सोलत होती. कुणी गोष्ट विचारली तर ती बोटानं कठड्याकडं दाखवी. "तिकडं आहे. इथं जादोह आहे, डुकराचा भात, आणि तुंगताप, सुक्या मासळीची चटणी. तिखट चालेल?" एका पाहुण्यानं तक्रारही केली की टपरीवाल्या बाईला आपल्या परंपरेची काही आस्था दिसत नाही.

बनरीला हे सगळं सहन होत नव्हतं, आणि ते कुठल्या बाजूनं हेही तिला कळत नव्हतं. एका दुपारी ती कठड्याशी जाऊन गर्दीत उभी राहून सगळं ऐकून आली. आली ती चुलीपाशी बसली.

"मेइ, त्याचा पाय खरंच मोडला होता का?"

"नाही."

"पूर?"

"हिवाळ्यात गेला तो. हिवाळ्यात कसला पूर?"

"मग कसा गेला? तू मला कधी सांगितलंच नाहीस. सगळ्या जगाला सांगितलंस, सासूसकट."

थेइमोननं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. खरी गोष्ट तिनं कधीच कुणाला सांगितली नव्हती. ती कुठून सुरू होते तेही तिला धड ठाऊक नव्हतं.

"संत्री घेऊन गेला," ती म्हणाली. "जाताना तुझ्या गालाचा पापा घेतला, तू झोपली होतीस. रेडिओ घेतला तेव्हाच मला शंका आली, बाजाराला कुणी रेडिओ नेतं का? पण विचारलं नाही. मग पावसाळा लागल्यावर मासळीवाला आला."

"मग?"

"मग मी खूप रडले. तुझी आजी म्हणाली, जेव. मी म्हटलं, नको. ती म्हणाली, डुकराचं केलंय. मग जेवले."

बनरी तिच्याकडं बघत राहिली. "आणि?"

"आणि झोपले. सकाळी उठून पुन्हा रडले. असं बरेच दिवस चाललं. मग तुला दात यायला लागले, तू माझ्याहून जोरात रडायला लागलीस. एका घरात दोघींनी कसं रडायचं?"

"तू कड्यावर नाही गेलीस? एकदाही?"

"त्या पावसात?" थेइमोन म्हणाली. "वेड लागलं होतं का मला?"

बनरीला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोट धरून. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. थेइमोन तिला रागावणार होती, पण तिचंही तोंड वाकडं झालं, आणि मग दोघी मायलेकी चुलीपुढं अशा हसत सुटल्या की बाहेर काच पुसणाऱ्या ट्रकवाल्यानं आत डोकावून पाहिलं.

कठड्याकडून फ्रांगचा आवाज येत होता. तो दगडापर्यंत पोचला होता, आता फार वेळ लागणार नव्हता. थेइमोननं डोळे पुसले आणि मोठ्या पातेल्यात आणखी अंडी सोडली. रडून झालं की पाहुण्यांना सपाटून भूक लागते, आणि आजच्या गाडीत माणसं बरीच होती.